वाढते वजन, अबोल लक्षणे

घराघरांतून दिसणारे एक चित्र परिचयाचे आहे. चाळिशी ओलांडलेला, नोकरीत स्थिरावलेला एखादा गृहस्थ. लग्नातला कोट त्याला कधीचाच होत नाही, जिना चढताना दम लागतो, दुपारच्या जेवणानंतर डोळे जड होतात. नातेवाईक हसून म्हणतात, ‘‘सुख मानवलेले दिसते!’’ पत्नी पोळीवरचे तूप कमी करते, साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, पहाटे फिरणे सुरू होते. तीन महिन्यांनी वजनाचा काटा पाहावा, तर तो खाली येण्याऐवजी दोन किलोंनी वरच सरकलेला असतो. मग डॉक्टरांची भेट होते. रक्तदाब आणि साखर पाहिली जाते, ‘‘खाणे आवरा, चालणे वाढवा’’ असा सल्ला मिळतो आणि गृहस्थ निमूटपणे घरी परततो.

या भेटीत एक गोष्ट बहुधा बोललीच जात नाही. दाढी पूर्वीसारखी वाढत नाही, वैवाहिक जीवनातील इच्छा ओसरली आहे, छातीचा भाग उगाच भरलेला दिसतो, वारंवार डोके दुखते, उकिडवे बसल्यावर हाताच्या आधाराशिवाय उठता येत नाही. यांपैकी एखादी तक्रार त्याच्या मनात घोळत असते. परंतु वजनाशी तिचा काही संबंध असेल असे त्याला वाटत नाही, आणि वाटले तरी ती उच्चारण्याचा संकोच होतो. पुरुषांमधील संप्रेरकांच्या विकारांचे निदान लांबते, ते पुष्कळदा या मौनामुळे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातील १५ ते ४९ वयोगटातील ९.३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक होते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हेच प्रमाण २२.९ टक्क्यांवर गेले. अवघ्या पंधरा वर्षांत सबंध समाजाच्या ग्रंथी बिघडल्या, असे कोणी म्हणणार नाही. बदललेला आहार, बैठे काम आणि अपुरी झोप ही यामागची मुख्य कारणे आहेत. तरीही या मोठ्या संख्येत काही पुरुष असे असतात, की ज्यांच्या बाबतीत वाढते वजन हा मूळ आजार नसून आतल्या आजाराची खूण असते. त्यांना वेळीच ओळखणे आणि इतरांना नाहक औषधांपासून दूर ठेवणे, ही दोन्ही कामे सारखीच महत्त्वाची आहेत.

दूत आणि त्यांचे कार्यालय

शरीरातील काही द्रव्ये अल्प प्रमाणात स्रवूनही सबंध देहाची ठेवण बदलू शकतात, ही गोष्ट शेतकऱ्याला शास्त्राच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. वळू आणि बैल जातीने एकच. पण गोऱ्हा खच्ची केला की त्याचा आक्रमकपणा जातो आणि मानेची, खांद्याची ठेवण वेगळी होते. १८४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे अर्नोल्ड बेर्थोल्ड यांनी हाच अनुभव प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहिला. वृषणे काढलेल्या कोंबड्यांचा तुरा सुकला आणि आरवणे थांबले. परंतु वृषण त्यांच्या पोटात दुसऱ्याच जागी बसविल्यावर तेच कोंबडे पुन्हा आरवू आणि झुंजू लागले. जागा बदलली, जुन्या मज्जातंतूंशी असलेला संबंध तुटला, तरी परिणाम कायम राहिला. अर्थात काहीतरी रक्तावाटे सर्वत्र पोहोचत होते. १९०५ साली लंडनमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी अशा रासायनिक दूतांना ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. मराठीत त्यांनाच आपण संप्रेरके म्हणतो.

या दूतांचा कारभार बँकेच्या कारभारासारखाच आहे. मेंदूतील अधश्चेतक हे मुख्य कार्यालय. त्याच्या खाली लोंबणारी, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी, म्हणजेच पिट्युटरी, हे विभागीय कार्यालय. गळ्यातील अवटू ग्रंथी म्हणजे थायरॉईड, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आणि वृषणे या जणू शाखा. वरून आदेश जातात, शाखा काम करतात आणि कामाचा अहवाल रक्तावाटे वर पोहोचतो. शाखेचे काम घटले की विभागीय कार्यालयाकडून स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे सुटू लागतात. थायरॉईड मंदावल्यावर रक्तातील टीएसएच वाढतो तो याच कारणाने, कारण टीएसएच हे पीयूषिकेने थायरॉईडला धाडलेले स्मरणपत्रच होय. परंतु विभागीय कार्यालयच आजारी पडले, तर शाखेचे काम थांबलेले असूनही स्मरणपत्र निघत नाही. रक्ततपासणीच्या अहवालात एकच आकडा पाहून निष्कर्ष काढता येत नाही, तो यामुळे.

आधी साधा हिशेब

ग्रंथींवर संशय घेण्यापूर्वी जमाखर्च तपासणे आवश्यक असते. एक किलो मेदात सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. चहातील साखरेचा एक सपाट चमचा म्हणजे सुमारे २० कॅलरी. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा घेणाऱ्याच्या पोटात केवळ साखरेच्या २०० कॅलरी जातात आणि जेवणाच्या हिशेबात त्या कोणी धरत नाही. तिशीनंतर व्यायामाअभावी स्नायू हळूहळू घटत जातात, त्यामुळे विश्रांतीच्या अवस्थेतील शरीराचा खर्चही कमी होतो. खाणे पूर्वीइतकेच असूनही वजन वाढते, या तक्रारीचे उत्तर कित्येकदा येथेच मिळते. धूम्रपान सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते, हेही लक्षात ठेवावे. अर्थात त्या भीतीने धूम्रपान चालू ठेवणे हा मोठ्या तोट्याचा व्यवहार ठरेल.

औषधांची यादीही डॉक्टरांना दाखविली पाहिजे. मधुमेहावरील इन्शुलिन व काही गोळ्या, अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारांवरील ओलान्झापिनसारखी काही औषधे आणि सर्व प्रकारची स्टेरॉईड्स वजन वाढवू शकतात. यांतील कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. पर्याय आहे का, एवढेच विचारावे.

मोजमाप नेमके कशाचे करावे, हाही प्रश्न आहे. भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा, असा तज्ज्ञांचा निकष आहे. येथे पॅंटचे माप उपयोगी पडत नाही. पोट पुढे आलेले पुरुष पॅंट पोटाखाली नेसतात आणि माप दहा वर्षांपूर्वीचेच असल्याचे समाधान बाळगतात. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यानंतर, टेप सैलसर धरून घेतलेले माप हेच खरे.

मेदच जेव्हा ग्रंथी होतो

पूर्वी मेद म्हणजे निष्क्रिय साठा, संकटकाळासाठी ठेवलेली मुदत ठेव, असे समजले जाई. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक शोधले आणि ही समजूत बदलली. मेद स्वतःच एक अंतःस्रावी अवयव आहे. विशेषतः पोटातील अवयवांभोवती साठणारा मेद इन्शुलिनचा प्रभाव कमी करतो आणि शरीरात मंद दाह चालू ठेवतो.

पुरुषांच्या बाबतीत याचा आणखी एक परिणाम होतो. मेदपेशींमध्ये अरोमाटेज नावाचे विकर असते. ते टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रोजेन या स्त्रीप्रधान संप्रेरकात करते. त्याचबरोबर स्थूलत्वामुळे आणि इन्शुलिनच्या बिघाडामुळे टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे रक्तातील प्रथिन घटते, तसेच मेंदूकडून वृषणांना जाणारे आदेशही क्षीण होतात. परिणामी टेस्टोस्टेरॉनची पातळी उतरते. ती उतरली की स्नायू घटतात, उत्साह मावळतो, हालचाल कमी होते आणि मेद वाढतो. वाढलेला मेद टेस्टोस्टेरॉन आणखी खाली नेतो. अशा रीतीने एक दुष्टचक्र सुरू होते. ज्यांना वजनवाढीचे ‘कारण सापडत नाही’, त्यांतील बरेच पुरुष या चक्रात अडकलेले असतात. त्यांच्या ग्रंथी मुळात निरोगी असतात. त्या मेदाच्या ओझ्याखाली दबलेल्या असतात.

भारतीयांच्या बाबतीत हा धोका वजन वरकरणी बेताचे असतानाही संभवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन दाखविणारा दोघांचाही निर्देशांक २२.३ एवढाच होता. मात्र डॉ. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के होता, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक हातपाय आणि पुढे आलेले पोट ही भारतीय पुरुषाची ठेवण किती फसवी असते, हे त्या एका छायाचित्राने जगापुढे आणले. म्हणूनच भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ झाला की सावध व्हावे आणि २५ ला स्थूलत्व मानावे, असे २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकमताने ठरविले.

ग्रंथींचे आजार आणि त्यांच्या खुणा

आता वळावे त्या थोड्या पुरुषांकडे, ज्यांची ग्रंथीच आजारी आहे. येथे एक सूत्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ग्रंथीच्या आजारात वजन सहसा एकटे वाढत नाही. त्याच्यासोबत इतर लक्षणे असतात.

पहिला क्रम थायरॉईडचा. हा विकार स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो, म्हणून पुरुषांच्या बाबतीत त्याचा विचार उशिरा होतो. थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, आवाज जड होणे, नाडी मंदावणे, विस्मरण आणि चेहऱ्यावर सूज ही त्याची लक्षणे. टीएसएचच्या साध्या तपासणीने निदान होते आणि रोज सकाळी अनशापोटी घ्यावयाच्या गोळीने तो आटोक्यात राहतो. मात्र थायरॉईडच्या कमतरतेने वाढणारे वजन साधारणतः दोन ते पाच किलोच असते आणि त्यातही पाणी व क्षार यांचा वाटा मोठा असतो. वजन वीस किलोंनी वाढले आणि टीएसएच किंचित चढा निघाला, तर सारा दोष थायरॉईडच्या माथी मारता येत नाही. उलट स्थूलत्वामुळेही टीएसएच थोडा वाढतो.

दुसरा विकार कॉर्टिसॉलच्या अतिरेकाचा. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदांनी १९१२ साली अशा रुग्णाचे वर्णन केले आणि १९३२ साली या विकाराचा संबंध पीयूषिकेतील गाठीशी जोडला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार शरीरात आपोआप उद्भवणे अत्यंत विरळ आहे. पण त्याची खूण स्पष्ट असते. चेहरा चंद्रासारखा वाटोळा आणि लालसर होतो, मानेमागे मेदाचा उंचवटा येतो, पोट फुगते आणि हातपाय मात्र बारीक होत जातात. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे उमटतात, क्षुल्लक धक्क्याने त्वचा काळीनिळी पडते, मांड्यांतील ताकद जाऊन खुर्चीतून उठणेही कठीण होते. कमी वयात रक्तदाब, मधुमेह आणि हाडांचा ठिसूळपणा यांची भर पडते.

हीच सारी लक्षणे बाहेरून घेतलेल्या स्टेरॉईड्समुळे पुष्कळ अधिक प्रमाणात दिसतात. दमा किंवा सांधेदुखीवर एकदा लिहून दिलेली गोळी परस्पर दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेणारे लोक आहेत. ‘निव्वळ वनस्पतींची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये स्टेरॉईडची भेसळ आढळलेली आहे. पुडी घेताच गुडघ्याचे दुखणे थांबते, भूक वाढते, चेहरा भरतो आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडले! यातील दुसरा धोका अधिक गंभीर आहे. बाहेरून पुरवठा होत राहिला की अधिवृक्क ग्रंथी झोपी जातात. पुडी एकाएकी बंद केल्यास रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. असे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीनेच थांबवावे लागते.

तिसरा विकार पीयूषिका ग्रंथीतील गाठीचा. यांतील सर्वांत नेहमीची गाठ प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवणारी असते. स्त्रियांमध्ये मासिक पाळी बिघडते, त्यामुळे गाठ लहान असतानाच ती सापडते. पुरुषाला असा कोणताही मासिक इशारा मिळत नाही. त्याची कामेच्छा मंदावते, दाढी विरळ होते, वजन वाढते आणि तो वयाला दोष देत राहतो. दरम्यान गाठ वाढते आणि डोळ्यांच्या नसांवर दाबू लागते. समोरचे दिसते, पण दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. दाराच्या चौकटीला खांदा आपटणे, बाजूने येणारी दुचाकी ध्यानात न येणे असे प्रसंग घडू लागतात. दुःखाची गोष्ट अशी, की हा विकार बहुतेक रुग्णांमध्ये कॅबरगोलिनसारख्या गोळ्यांनी आटोक्यात येतो आणि गाठ शस्त्रक्रियेवाचून आक्रसते. ज्याने पहिले लक्षण वेळीच सांगितले, त्याची दृष्टी सुरक्षित राहते. एका न बोललेल्या वाक्याची किंमत कधी कधी एवढी मोठी असते. तीव्र डोकेदुखी अचानक उद्भवून दृष्टी अंधूक झाली, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे.

चौथा विकार जन्मजात. १९४२ साली हॅरी क्लाइनफेल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन येथे त्याचे वर्णन केले. पुरुषात एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असते. येथे एक्स गुणसूत्र एक जास्तीचे असते. सुमारे सहाशे पुरुषांमागे एकात हा दोष असतो, असा अंदाज आहे. उंच शरीर, लांब पाय, लहान वृषणे, छातीची वाढ, पोटावरील मेद आणि अपत्यहीनता अशी त्याची लक्षणे असून अनेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताच लागत नाही. विवाहानंतर मूल होत नाही म्हणून सारा रोख पत्नीवर ठेवला जातो आणि पतीची तपासणी वर्षानुवर्षे टळते. ती आधी झाली असती, तर त्या स्त्रीचे कितीतरी अश्रू वाचले असते.

झोप हेही औषध

संप्रेरकांचे घड्याळ झोपेशी बांधलेले आहे. टेस्टोस्टेरॉन रात्रीच्या झोपेत वाढते आणि सकाळी सर्वाधिक असते. शिकागो येथील संशोधकांनी दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज केवळ पाच तास झोपू दिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलेले आढळले. अपुऱ्या झोपेने भूकही वाढते.

मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडणाऱ्या पुरुषांनी तर विशेष दक्ष राहावे. हा निद्राश्वसनाचा विकार स्थूलत्वाने बळावतो, रक्तदाब वाढवतो आणि टेस्टोस्टेरॉन घटवतो. याची पहिली साक्षीदार बहुधा पत्नी असते. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना तिला सोबत नेणे शहाणपणाचे.

तपासणी कोणती आणि केव्हा

प्रयोगशाळांच्या जाहिरातींतील ‘संपूर्ण हॉर्मोन तपासणी’ प्रत्येकाने करून घेण्याची गरज नाही. कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, यकृताची तपासणी आणि टीएसएच एवढ्यावर आरंभ होतो. पुढील चाचण्या लक्षणे पाहून डॉक्टर ठरवितात.

टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी दहाच्या आत आणि उपाशीपोटी करावी. दुपारी किंवा न्याहारीनंतर घेतलेल्या रक्तात आकडा कमी येऊ शकतो. ताप किंवा अन्य आजार चालू असताना ती करू नये. पहिला आकडा कमी आला, तर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासावे आणि दोन्ही वेळा तो कमी निघाला तरच पुढे जावे. मग पीयूषिकेचे आदेश दाखविणारी एलएच व एफएसएच ही संप्रेरके, तसेच प्रोलॅक्टिन पाहून बिघाड शाखेत आहे की विभागीय कार्यालयात, हे ठरते. कुशिंगच्या विकाराचा संशय असल्यास रात्री एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळचे कॉर्टिसॉल मोजतात. निरोगी माणसात ते दबते, रुग्णात दबत नाही. पीयूषिकेत गाठ असल्याची शंका बळावली तरच एमआरआय करावा लागतो.

तारुण्याच्या सुईचा मोह

१८८९ साली चार्ल्स ब्राउन-सेकार हे बहात्तर वर्षांचे विख्यात शास्त्रज्ञ पॅरिसच्या एका विद्वत्सभेपुढे उभे राहिले. कुत्रा आणि गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतल्याने आपल्याला नवी शक्ती लाभली, असे त्यांनी सांगितले. त्या अर्कात टेस्टोस्टेरॉन नगण्य असणार, हे पुढे स्पष्ट झाले. लाभ झाला होता तो श्रद्धेचा. परंतु तारुण्य सुईतून मिळते ही आशा तेव्हापासून आजतागायत ओसरलेली नाही. शुद्ध टेस्टोस्टेरॉन १९३५ साली वेगळे करण्यात आले आणि आज ते इंजेक्शन व जेल या रूपांत मिळते. व्यायामशाळांतून आणि जाहिरातींतून त्याचा मोह दाखविला जातो.

ज्यांच्या शरीरात त्याची खरोखर उणीव आहे, उदाहरणार्थ क्लाइनफेल्टरच्या विकारात, त्यांच्यासाठी हे औषध वरदान आहे. परंतु असे पुरुष समजूत आहे तितके नाहीत. युरोपातील आठ केंद्रांत ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लक्षणे आणि रक्तातील कमतरता या दोन्ही कसोट्या लावल्यावर वयपरत्वे येणारी खरी उणीव केवळ २.१ टक्क्यांमध्ये आढळली.

उपचाराचे लाभ आणि धोके दोन्ही मोजले गेले आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात ९५ सेंटिमीटरपेक्षा अधिक कंबर असलेल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील किंवा नुकताच मधुमेह झालेल्या सुमारे एक हजार पुरुषांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला आणि निम्म्यांना त्याबरोबर टेस्टोस्टेरॉन टोचले. दोन वर्षांनी टेस्टोस्टेरॉन घेतलेल्यांपैकी १२ टक्के, तर इतरांपैकी २१ टक्के पुरुष मधुमेही ठरले. मात्र टेस्टोस्टेरॉन घेतलेल्या पाचांपैकी साधारण एकाचे रक्त धोक्याच्या मर्यादेपलीकडे दाट झाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या अमेरिकन अभ्यासात हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत. पण हृदयाची अनियमित लय आणि फुफ्फुसातील रक्ताच्या गुठळ्या अधिक आढळल्या.

तरुणांनी तर आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदू वृषणांना आदेश पाठविणे थांबवितो आणि शुक्राणूंची निर्मिती खुंटते. पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने या इंजेक्शनांची चाचणी घेतली होती, ती याच गुणामुळे. बाळाची वाट पाहणाऱ्या तरुणाने ‘पुरुषत्व वाढावे’ म्हणून ही सुई टोचून घ्यावी, यासारखा विपर्यास नाही.

चक्र उलटे फिरविता येते

या सगळ्यातील आशेची बाजू अशी, की मेदामुळे उतरलेले टेस्टोस्टेरॉन मेद उतरल्यावर पुन्हा चढते. वजनाचा दहावा हिस्सा कमी झाला तरी फरक दिसू लागतो आणि जितके वजन उतरते तितकी सुधारणा वाढते. येथे उपवासापेक्षा सातत्य महत्त्वाचे. ताटात वरण, उसळ, दही किंवा अंडी यांचा वाटा वाढवावा. भात, पोळी, मैदा आणि साखर यांचा घटवावा. आठवड्यातून १५० मिनिटे झपझप चालावे आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. जोर-बैठकांसाठी महागडी व्यायामशाळा लागत नाही. मद्य आवरावे, कारण ते यकृत आणि वृषण दोहोंनाही अपाय करते.

ज्यांचे स्थूलत्व एवढ्याने हटत नाही त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. भूक शमविणारी, आठवड्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शनेही २०२५ साली भारतात वजन घटविण्यासाठी उपलब्ध झाली. ती परिणामकारक आहेत. पण मेदाबरोबर स्नायूही घटू शकतात आणि औषध थांबविल्यावर वजन परतू शकते. म्हणून तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांच्या जोडीनेच घ्यावीत.

पुन्हा त्या गृहस्थाकडे वळावे. पुढील भेटीला जाताना त्याने एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात : वजन कधीपासून आणि किती वाढले, कोणती औषधे व पुड्या चालू आहेत, झोप कशी लागते आणि ती एक गोष्ट, जी बोलण्याचे आजवर धैर्य झाले नाही. तोंडाने सांगवत नसेल तर कागद डॉक्टरांपुढे सरकवावा. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर आहार, व्यायाम आणि झोप हेच निघेल आणि मनावरचा भार उतरेल. थोड्यांच्या बाबतीत मात्र ती चौथी ओळ एखाद्या ग्रंथीपर्यंत नेऊन पोहोचवील, आणि तीही वेळ असताना.

पासबुकातील एखादी नोंद समजली नाही तर खातेदार निःसंकोचपणे खिडकीपाशी येऊन विचारतो. शरीराच्या खात्यातील न समजणाऱ्या नोंदीबद्दलही त्याने तितक्याच निःसंकोचपणे विचारावे.